रोज एक अल्बम : पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत

बाजूपालट

मंडळी, गुढीपाडव्याला एक नेम धरला. रोज एक नावाजलेला अल्बम ऐकायचा. अख्खा. ज्या क्रमाने केलाय त्याच क्रमाने, एकही गाणं न गाळता. आज ११२वा दिवस आहे आणि अजून खंड पडलेला नाही, म्हणून धीर करून धागा काढतोय.

निमित्त मुलीच्या एका प्रश्नाचं. फोनवर किशोरीताई आमोणकरांचं ‘सहेला रे’ चालू होतं. ती म्हणाली, “बाबा, याच्या आधी काय असतं?” मला सांगता येईना. वडिलांची रेकॉर्ड माळ्यावरून काढली. एका बाजूला भूप राग, त्यात आधी विलंबित (संथ लयीतलं) ‘प्रथम सुर साधे’, मग ‘सहेला रे’ आणि पालटल्यावर बागेश्री. लहानपणी हीच रेकॉर्ड घरात शेकडो वेळा वाजलेली. सुटं गाणं ऐकायची सवय लागल्यावर त्याच्या आजूबाजूचं सगळं मी विसरून बसलो होतो. मनाला फार लागलं ते.

नियम दोनच ठेवले. ऐकताना हातात दुसरं काम नाही, आणि एकदा ऐकलेला अल्बम पुन्हा नाही, रोज नवा. शास्त्रीय, भावगीतं, गझल, जॅझ, रॉक, सगळं चालतं. घरात जेवढ्या रेकॉर्डी आहेत तेवढ्या रेकॉर्डवर, बाकीचं फोनवरून स्पीकरला जोडून.

नवव्या दिवशी उस्ताद अमीर खाँसाहेबांची एलपी (लाँग प्ले रेकॉर्ड) लावली. एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. चैत्रातली संध्याकाळ होती, खिडकीतून समोरच्या इमारतीच्या टाकीवर शेवटचं ऊन दिसत होतं. ‘पिया मोरे अनत देस’ सुरू झालं. झुमरा तालाची ती संथ चाल. मारव्यात षड्ज, म्हणजे सा, सहजासहजी हाती लागत नाही. रिषभावर, धैवतावर मुक्काम होतो आणि घर जवळ दिसत असून पोचता येत नाही अशी हुरहुर लागते. पुढे ‘गुरु बिन ज्ञान न पावे’ संपलं, पिन मधल्या लेबलापाशी जाऊन खरखरायला लागली, तेव्हा बाहेर अंधार पडला होता. रेकॉर्ड पालटायला हात पुढे केला आणि थांबलो. दरबारी तर रात्रीची, आत्ता कशी लावायची? जेवणं झाली, भांडी झाली, घर झोपलं. साडेअकराला बाजू पालटली. एका तबकडीच्या दोन बाजूंमध्ये पाच तास गेले, आणि तो अल्बम मला त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण ऐकू आला असं वाटलं.

तुमच्याकडे असं कोणी करतं का? काय ऐकावं, कसं ऐकावं, जरूर लिहा.

सांजपाखरू

किती सुंदर नेम! वाखु (वाचनखूण) साठवली आहे. ११२ दिवसांची यादी टाका ना. दरबारीसाठी साडेअकरापर्यंत थांबलात हे वाचून आमच्या बाबांची आठवण झाली. ते भैरवी लागली की म्हणायचे, आता यानंतर काही लावू नका.

जुनाबाजार

बाजूपालट, धागा आवडला. माझ्याकडून थोडी भर. अल्बम हा शब्द आला तो फोटोच्या अल्बमवरून. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. बेथोव्हेनची एखादी सिम्फनी विकायची तर पाच-सहा तबकड्या लागायच्या. त्या कागदी खिशांमध्ये घालून पुस्तकासारख्या बांधून द्यायचे, त्याला म्हणायचे अल्बम. १९४८ साली कोलंबिया कंपनीने अमेरिकेत ३३⅓ फेऱ्यांची एलपी आणली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावायला लागली. पुस्तक गेलं, नाव राहिलं.

आपल्या गाण्यासाठी तर हा बदल केवढा मोठा! अब्दुल करीम खाँसाहेबांचं झिंझोटीतलं ‘पिया बिन नाही आवत चैन’ आठवा. तीन मिनिटांत त्यांनी जे उभं केलंय ते अचाट आहे, पण विलंबित ख्यालाला तिथे जागाच नव्हती. एलपी आली आणि घरबसल्या ख्याल उलगडताना ऐकायची सोय झाली. अमीर खाँसाहेबांच्या त्या रेकॉर्डवर एका बाजूला एक राग, विलंबित आणि द्रुत मिळून, इतका नेमका बसलाय की कुठे घाई वाटत नाही आणि कुठे पाणी घातलेलं नाही.

तुमच्या यादीत ‘कॉल ऑफ द व्हॅली’ आलाय का? १९६७. शिवकुमार शर्मांचं संतूर, ब्रिजभूषण काब्रांची गिटार, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, तबल्यावर माणिकराव पोपटकर. काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस, सकाळपासून रात्रीपर्यंत. एचएमव्ही या रेकॉर्ड कंपनीत तो घडवून आणला आपल्या जी. एन. जोशींनी, ज्यांचं ‘शीळ’ हे गाणं एके काळी महाराष्ट्रातल्या घराघरात होतं. आमच्याकडे साताऱ्याला एचएमव्हीचा फिएस्टा रेकॉर्ड प्लेअर होता. काकांनी ही रेकॉर्ड आणली त्या दिवशी गल्लीतली माणसं ओसरीवर येऊन बसली होती. हा अल्बम तुकड्यांत ऐकू नये. पहाट आधी, मग दुपार, मग संध्याकाळ.

गांधार_शोधतेय

स्पष्ट लिहिते, राग मानू नका. मला हा नेम पटला नाही.

मी कोल्हापुरात गाणं शिकते. आमच्या बाईंनी पहिल्या वर्षी आम्हाला हीच किशोरीताईंची भूपाची रेकॉर्ड ऐकायला दिली होती आणि महिनाभर दुसरं काहीही ऐकायचं नाही अशी ताकीद होती. पहिले चार दिवस मला फक्त बंदिश ऐकू आली. मग लय कळायला लागली. पंधराएक दिवसांनी लक्षात आलं की गांधार दर वेळी वेगळ्या वाटेने येतोय, कधी पंचमावरून अलगद उतरून, कधी रिषभाला नुसता स्पर्श करून. हेच पाच सूर देसकारात आहेत, पण तिथे धैवत राज्य करतो आणि सगळा रंग पालटतो. हा फरक पुस्तकात वाचून मला कळला नव्हता. तो कानात उतरायला ते तीस दिवस लागले.

तुम्ही म्हणता ११२ दिवसांत ११२ अल्बम, आणि पुन्हा ऐकायचं नाही. दुसरा नियम तर मला फारच कठोर वाटतो. पंगतीला बसल्यावर प्रत्येक पदार्थाचा एकेकच घास घ्यायचा, तसं.

बाजूपालट

गांधारताई, राग कसला. तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. काल रात्री वही काढून बघितली. ११२ पैकी किती अल्बमांविषयी आज डोळे मिटून चार वाक्यं बोलता येतील ते मोजलं. ४० भरले. बाकीच्यांची नावं आठवतात, कव्हर आठवतं, आतलं निसटलंय. तेव्हा तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे.

तरी नेम सोडवत नाही, आणि त्याला कारण आहे. पाडव्यापर्यंत मी वर्षाला फार तर चार-पाच नवे अल्बम ऐकायचो. रोजच्या नेमामुळे मी अशा घरांत शिरलो जिथे एरवी गेलोच नसतो. निक ड्रेक नावाचा इंग्रज गायक. त्याचा १९७२चा ‘पिंक मून’ अवघा २८ मिनिटांचा. दोन रात्रींत ध्वनिमुद्रित केलेला, एक गिटार आणि एक आवाज, फक्त एका गाण्यात पियानोचे थोडे सूर. मला त्याचं नावही माहीत नव्हतं. ऐकून झाल्यावर दिवा न लावता बराच वेळ बसून राहिलो होतो. तो पुन्हा ऐकायची फार इच्छा झाली होती. नियम आडवा आला.

ठाण्याची_जलद

मी हे लोकलमध्ये करते, त्यामुळे तुमचा पहिला नियम मला आपोआप पाळला जातो. गर्दीत हात हलवायलाही जागा नसते, ऐकण्याशिवाय काही करता येत नाही.

ग्लेन गुल्डने पियानोवर वाजवलेली बाखची गोल्डबर्ग व्हेरिएशन्स मी अशीच ऐकली. १९५५ साली वाजवली तेव्हा तो २२ वर्षांचा होता. ३८ मिनिटं. ठाण्याला चढून सीएसएमटीला उतरेपर्यंत साधारण तेवढाच वेळ जातो. आधी एक साधी धून, मग तिच्यावरचे ३० विस्तार, आणि शेवटी पुन्हा तीच धून. तीच म्हणजे अगदी तीच, पण मध्ये एवढं घडून गेलेलं असतं की ती पहिल्यासारखी लागत नाही. मशीद बंदर सोडून गाडी रखडत पुढे सरकत होती आणि ती धून परत आली. रडू आलं.

नंतर १९८१ची ऐकली. तोच माणूस, तीच रचना, पण ५१ मिनिटं. काही भाग तो दोनदा घेतो हे आहेच, पण सुरुवातीची धूनच एवढी सावकाश की पुढचा सूर येतो की नाही असं वाटावं. गाडी पोचली, मी फलाटावरच्या बाकावर बसून पूर्ण केली. गांधारताई, एकच गोष्ट पुन्हा ऐकण्याबद्दल तुम्ही म्हणता ते मला इथे समजलं. वाजवणाराही २६ वर्षांनी त्याच दारात परत आला होता.

मांडवीकाठ

पणजीहून लिहितोय. ठाण्याच्या ताईंनी सांगितलेलं गुल्डचं वादन न्यूयॉर्कच्या ज्या स्टुडिओत झालं, त्याच स्टुडिओत मला सर्वांत प्रिय असलेला अल्बम झाला. कोलंबियाचा ३०व्या रस्त्यावरचा स्टुडिओ, पूर्वी तिथे चर्च होतं. उंच छत, त्यामुळे आवाजाला एक निराळीच खोली मिळायची. अल्बम म्हणजे जॅझ ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’. दोन दिवसांत झाला, २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९.

माझे मामा मुंबईत ट्रंपेट वाजवायचे. गोव्यातली पुष्कळ मुलं गावच्या चर्चच्या शाळेत नोटेशन शिकून मुंबईला जायची, हॉटेलांतल्या बँडमध्ये आणि सिनेमाच्या वाद्यवृंदात. हळदोण्याच्या चिक चॉकलेटला तर भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. मामा या अल्बममधलं ‘ब्लू इन ग्रीन’ लावून म्हणायचे, ऐक, पितळेतून कुजबुज काढलीय. ट्रंपेटच्या तोंडात हार्मन म्यूट म्हणून धातूचं बूच बसवतात. त्याच्या मधली छोटी नळी माइल्स काढून टाकायचा. मग आवाज बारीक होतो, पण विझत नाही. मामांनी ते मला दाखवलं होतं, नळी लावून आणि काढून.

गांधारताई, तुम्ही हा अल्बम जरूर ऐका. तो तुमच्या जवळचा आहे. त्या काळचं जॅझ भराभर बदलणाऱ्या कॉर्ड्सवर (एकदम वाजणाऱ्या सुरांच्या जुड्यांवर) चालायचं. इथे वादकांना एक स्वरसप्तक दिलं आणि सांगितलं, यात राहा.

गांधार_शोधतेय

मांडवीकाठ, ऐकला. तीन दिवस, रोज एकदा. (बाजूपालटदादा, माफ करा.)

त्यातलं पहिलं ‘सो व्हॉट’ ऐकताना वहीत सूर लिहिले. ग कोमल, नी कोमल, बाकी शुद्ध. हा तर सरळ काफी थाट! राग नव्हे, हे मला कळतं. वादी-संवादी नाही, चलन नाही. पण एकाच थाटात एवढा वेळ राहून वेगवेगळे वादक आपापला स्वभाव दाखवतात, हे फार ओळखीचं वाटलं. ३२ मापांचा साचा आहे (एक माप म्हणजे चार ठोके). पहिली १६ मापं एका षड्जावर, मग ८ मापं अख्खा डोलारा अर्ध्या सुराने वर, मग ८ परत खाली. तो षड्ज हलतो तेव्हा पोटात खड्डा पडतो. आमच्याकडे षड्ज हलत नाही.

तानपुरा ॲप पांढरी दोनला (पेटीच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या सुराला) लावून त्याबरोबर ऐकलं, अगदी चपखल बसलं. तुम्हीही करून बघा.

बाजूपालट

ताई, मी आज तेच केलं. माझ्याकडे या अल्बमची जुनी रेकॉर्ड आहे, मुंबईच्या चोर बाजारात, मटण स्ट्रीटवर मिळालेली. तानपुरा पांढरी दोनला लावला आणि पिन टेकवली. बसत नाही! रेकॉर्ड चढी आहे. पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मध्येच कुठेतरी लागते. दोन्ही एकत्र ऐकवत नाहीत, दातांना शिरशिरी येते. माझा कान चुकतोय का?

जुनाबाजार

कान नसेल चुकत. बहुधा तुमचा टर्नटेबल जलद फिरतोय. बेल्ट बदललाय का एवढ्यात? लेबलवर खडूची खूण करा आणि तीन मिनिटं मोजा. १०० फेऱ्या झाल्या पाहिजेत.

मांडवीकाठ

जुनाबाजारकाका, थांबा. टर्नटेबलला दोष देण्याआधी बाजूपालटनी दुसरी बाजू लावून बघावी. ‘ऑल ब्लूज’ला तानपुऱ्याचा षड्ज पांढरी पाचला ठेवा. काय होतं ते सांगा, मग मी कारण सांगतो.

बाजूपालट

दोन्ही केलं. खडूची खूण केली, मुलीने घड्याळ धरलं. तीन मिनिटांत १०० फेऱ्या बरोबर. मग दुसरी बाजू लावली, तानपुरा पांढरी पाचला. तंतोतंत जुळलं! परत पहिली बाजू लावली, पुन्हा चढी. एकाच रेकॉर्डच्या दोन बाजू दोन वेगळ्या पट्टीत कशा? आता सांगाच.

मांडवीकाठ

पहिल्या बाजूची तिन्ही गाणी २ मार्चची आहेत. त्या दिवशी ज्या यंत्रावर मुख्य टेप चालू होती ते किंचित हळू फिरत होतं. हळू फिरणाऱ्या टेपवर मुद्रित झालेलं योग्य वेगाने वाजवलं की ते जलद होतं, आणि सूर चढतो. साधारण पाव सुराचा फरक पडला. दुसरी बाजू २२ एप्रिलची, तिथे सगळं ठीक होतं. ही चढी पट्टी तशीच छापली गेली आणि तीसेक वर्षं जगभर तशीच ऐकली गेली. कित्येक वादक रेकॉर्डबरोबर साथ करत शिकले, त्यांना आपलं वाद्य मुद्दाम चढवून घ्यावं लागायचं. त्या दिवशी दुसऱ्या यंत्रावर सुरक्षेसाठी वेगळी टेप चालू होती, तिचा वेग बरोबर होता. १९९०च्या दशकात नव्या आवृत्त्या निघाल्या त्या तिच्यावरून. गांधारताईंनी फोनवर ऐकलं ते दुरुस्त केलेलं, तुमची जुनी रेकॉर्ड मूळची.

मामा गेले तोवर मलाही हे माहीत नव्हतं. ते म्हणायचे, पहिल्या बाजूबरोबर वाजवताना माझं ट्रंपेट बसत नाही. आम्हाला वाटायचं वय झालं.

सांजपाखरू

मांडवीकाठ, शेवटची ओळ वाचून गलबललं.

ठाण्याची_जलद

पाव सूर! आणि तो सापडला तानपुऱ्यामुळे. या धाग्यावर रोज येणार मी.

दूरदेशी_एडिसन

न्यू जर्सीहून. धागा एका बैठकीत वाचला. दोन गोष्टी लिहायच्या आहेत.

बीटल्सचा १९६६चा ‘रिव्हॉल्व्हर’ मी इथे आल्यावर पहिल्यांदा अख्खा ऐकला. चौथ्या गाण्यात एकदम सतार आणि तबला. कव्हरच्या मागे बघितलं तर तबलावादकाचं नाव छापलेलं, अनिल भागवत. हिवाळ्यातली रात्र, खिडकीबाहेर बर्फ, आणि त्या कव्हरवर भागवत हे आडनाव. किती वेळ त्या एका ओळीवर बोट ठेवून बसलो होतो. फोनवर ऐकणाऱ्याला हे नाव कधी दिसणार?

दुसरं, रोज एक की महिनाभर एक, या वादाबद्दल. माझी आजी सांगायची, गीतरामायण पुणे आकाशवाणीवर लागायचं तेव्हा आठवड्याला एक गाणं. १९५५च्या एप्रिलपासून वर्षभराहून जास्त, ५६ गाणी. नवं गाणं लागलं की आठवडाभर ते घरात गुणगुणलं जायचं, शेजारणी एकमेकींकडून शब्द उतरवून घ्यायच्या, आणि मग पुढचं. रामाची गोष्ट सगळ्यांना पाठ, तरी पुढच्या गाण्याची वाट. आज ती सगळी एका दुपारी ऐकता येतात. मी ऐकली आहेत. पण आजीला ती जशी पाठ होती तशी मला नाहीत.

मांडवीकाठ

आठवड्याला एकावरून सुचलं. बाजूपालट, तुमच्या यादीत एक राहिलाय. १९७७ साली दोन व्हॉयेजर अवकाशयानांवर पाठवलेली सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी. तोही अल्बमच. संगीताचे २७ तुकडे, साधारण दीड तास. त्यात आमच्या केरी गावच्या केसरबाई केरकर आहेत, ‘जात कहाँ हो’, भैरवी, साडेतीन मिनिटं. त्याच तबकडीवर ठाण्याच्या ताईंचा ग्लेन गुल्ड बाख वाजवतोय, आणि लुई आर्मस्ट्राँगही आहे. २०१७ पासून तो संच एलपीवर मिळतो. केसरबाई ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत फार काटेकोर होत्या, आणि त्यांचाच आवाज सगळ्या ग्रहांच्या पलीकडे गेलाय. ऐकताना क्रम मोडू नका. केसरबाईंच्या आधी आणि नंतर काय आहे ते कानांनीच कळू दे.

बाजूपालट

सगळ्यांचे मनापासून आभार. नेम बदलतोय. सोमवार ते शनिवार रोज नवा अल्बम. रविवारी नवीन काही नाही, त्या आठवड्यातल्या सहांपैकी ज्याने पाठ सोडली नाही तो पुन्हा. आणि दर महिन्याला एक अल्बम असा, जो रोज रात्री निजण्याआधी वाजेल, तीस दिवस. गांधारताई, पहिला महिना भूपाचा. मुलीने त्यासाठी भिंतीवर कागद चिकटवलाय, रोज जे नवं ऐकू येईल ते तिनेही लिहायचं आणि मीही. पहिल्या दिवशी तिने लिहिलं, ‘तबला खूप हळू आहे, मला आवडला.’ मी लिहिलं, ‘तानपुऱ्याचा आवाज पहिल्यांदा लक्ष देऊन ऐकला.’

येत्या रविवारी ‘पिंक मून’.

गांधार_शोधतेय

दादा, खूप बरं वाटलं. तुमच्या मुलीला सांगा, तबला हळू आहे हे पहिल्याच दिवशी ऐकू येणं मोठी गोष्ट आहे.

मीही माझ्या बाजूने एक पाऊल पुढे टाकते. आठवड्यातून दोन नवे अल्बम, आमच्या बाईंना विचारून. त्या म्हणाल्या, ऐक, पण तानपुरा बंद करून ऐक, त्यांचा षड्ज त्यांना ठरवू दे. आज ‘ऑल ब्लूज’ तसं ऐकलं. सहाची लय आहे. मांडीवर दादरा धरून बसले होते. पहिल्यांदा हात चुकला, दुसऱ्यांदा चुकला, तिसऱ्यांदा खालचा बास मोजत गेले तेव्हा सम हाताखाली आली. मांडवीकाठ, तुमच्या मामांचं ट्रंपेट अजून घरात आहे का? असेल तर तानपुरा लावून त्याचा एक सूर मुद्रित करून इथे टाका. पट्टी कोणती ते मी सांगते.